वारा दळणारी चक्की

वेल्सच्या वायव्येला अँगलसी नावाचं बेट आहे. तिथल्या ब्यूमॅरिस गावात १८२९ साली बांधलेला तुरुंग आता संग्रहालय म्हणून पाहायला मिळतो. कोठड्या बघत फिरणारी माणसं एका चाकापाशी येऊन थबकतात. चाक म्हटलं की बैलगाडीचं चाक डोळ्यांपुढे येतं, पण हे तसं नाही. एखादं लांबट पिंप आडवं ठेवावं आणि त्याच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्या ठोकाव्यात, तशी त्याची घडण. कैद्यानं समोरची दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि फळीवर पाय ठेवायचा. वजनानं ती फळी खाली जाई, तोवर दुसरा पाय वरच्या फळीवर पडलेला असे. मग ती खाली जाई. जिना संपत नसे आणि माणूस तसूभरही वर जात नसे.

ब्यूमॅरिसच्या चाकानं निदान पाणी चढवलं. इमारतीच्या माथ्यावरच्या टाक्या त्याच्यावर भरत आणि ते पाणी कैद्यांच्याच उपयोगी पडे. पुष्कळ तुरुंगांतल्या चाकांच्या वाट्याला एवढंही काम आलं नाही.

पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दारापाशी जी ट्रेडमिल उभी असते, तिचं नाव या चाकावरून आलं आहे. ‘ट्रेड’ म्हणजे तुडवणं आणि ‘मिल’ म्हणजे दळायची चक्की. मराठीत त्याला पायचक्की म्हणता येईल. दुकानात मशीन घ्यायला गेलेला माणूस मोटर किती ताकदीची, पट्टा किती रुंद, चढ किती अंशांचा असं विचारत असतो. या प्रश्नांमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो समजून घेतला तर निवड सोपी होते.

पायांच्या बळावर चाक फिरवणं ही युक्ती फार जुनी. रोमन लोक बांधकामाचे अवजड दगड उचलायला मोठ्या चाकाची यारी वापरत आणि चाकाच्या पोटात माणसं चालत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या एका रोमन थडग्यावर अशी यारी अगदी स्पष्ट दिसते. आपल्याकडे कोकणात पायांनी फिरवायचा पायरहाट होता आणि त्यानं विहिरीचं पाणी बागेला मिळे. इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत मांसाची सळई फिरवायला आखूड पायांची कुत्री चाकात पळवत. त्या जातीची कुत्री आता उरलेली नाहीत. तिचा एक पेंढा भरलेला नमुना वेल्समधल्या अ‍ॅबरगेव्हनीच्या संग्रहालयात आहे. या सगळ्या चाकांमागे काहीतरी काम होतं. दगड वर जाई, बाग भिजे, मांस भाजलं जाई. कष्ट हाच चाकाचा हेतू झाला तो १८१८ साली.

विल्यम क्युबिट हा नॉरफोकमधल्या गिरणीवाल्याचा मुलगा. यंत्रांत त्याचा हात बसलेला होता. पवनचक्कीची पाती वाऱ्याच्या जोराप्रमाणे आपोआप सावरतील अशी रचना त्यानं १८०७ मध्ये शोधून पेटंट घेतलं होतं. पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, तेव्हा त्याच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्यांत तो प्रमुख होता आणि त्याबद्दल त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. अशा कर्तबगार माणसाचं नाव एका शिक्षेशी जोडलं गेलं. बरी सेंट एडमंड्सच्या तुरुंगात कैदी नुसते बसून असलेले त्यानं पाहिले आणि तिथल्या दंडाधिकाऱ्यानं त्याच्याकडे उपाय मागितला, अशी कथा सांगतात. नेपोलियनशी चाललेली युद्धं नुकतीच संपली होती. सैन्यातून सुटलेली माणसं, बेकारी, वाढत्या चोऱ्या यांनी इंग्लंडचे तुरुंग भरून गेले होते. तुरुंगात फुकटचं खाणं आणि वर आराम, असं लोक बोलत. गिरणीवाल्याच्या मुलाला गिरणीच सुचली. वारा आणि पाणी यांच्या जागी त्यानं माणसं लावली.

१८२१ मध्ये लंडनजवळच्या ब्रिक्स्टन तुरुंगात हे चाक बसलं आणि मग ते झपाट्यानं पसरलं. ब्रिक्स्टनला त्याच्यावर धान्य दळलं जाई. एका ओळीत अनेक कैदी एकाच वेळी चढत. काही मिनिटं चढायचं, काही मिनिटं उतरून बसायचं, पुन्हा चढायचं. चाकाचा वेग कोणाही एका माणसाच्या हातात नव्हता. शेजाऱ्यांच्या वजनानं ते फिरतच राहणार. ज्याचा पाय मागे पडला त्याच्या नडगीवर फळी बसणार. काही तुरुंगांत तर दोन कैद्यांच्या मध्ये लाकडी आडोसे घातले, म्हणजे बोलायलाही कोणी नाही. समोर भिंत, हातात दांडी, पायाखाली पळती पायरी.

पुढे दिवसाची कमाल मर्यादा ठरली ती ८,६४० फुटांच्या चढाची. एक पायरी साधारण ८ इंचांची धरली तर या जवळजवळ तेरा हजार पायऱ्या झाल्या. मीटरमध्ये हा आकडा २,६३३ होतो. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे रोज दीड कळसूबाईहून जास्त. तेही तुरुंगाच्या अन्नावर. घरच्या ट्रेडमिलवर दहा टक्के चढ लावून एवढं चढायचं, तर सव्वीस किलोमीटरहून जास्त चालावं लागेल. रोज अर्धा तास चालण्याचा निश्चय करणाऱ्यानं हा हिशेब एकदा मनाशी करून पाहावा. त्या कैद्यांना काय भोगावं लागलं ते अंगावर येतं.

या चाकाला तेव्हाही विरोध झाला. सर जॉन कॉक्स हिपिस्ली यांनी १८२३ साली त्याविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि डॉक्टरांची मतं गोळा करून या श्रमानं शरीराला अपाय होतो, बायकांना तर विशेष, असं मांडलं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू तुरुंगात १८२२ मध्ये चाक बसलं. तिथल्या जेम्स हार्डी यांनी १८२४ साली त्याचा इतिहासच लिहून काढला. हार्डी चाकाच्या बाजूचे होते, तरी नेमकी नस त्यांना सापडली होती. कैद्यांना धास्ती असते ती मेहनतीची नाही, त्याच त्या एकसुरी चालीची, असं त्यांचं निरीक्षण होतं. व्यायामाच्या मशीनबद्दल आजवर झालेल्या निरीक्षणांत इतकं खरं निरीक्षण क्वचितच सापडेल. मशीन घेऊन तीन महिन्यांत तिच्यावर टॉवेल वाळत घालणाऱ्या घरांत पाय थकलेले नसतात, मन कंटाळलेलं असतं.

दळायला धान्य नसलं तरी चाक थांबत नसे. काही तुरुंगांनी चाकाचा आस बाहेर काढून त्याला वाऱ्याला अडणारी मोठी पाती लावली, म्हणजे फिरवायला जोर लागावा. अशा कामाला इंग्रजीत ‘वारा दळणं’ म्हणत. पाण्याची टाकी भरते आहे किंवा पीठ पडतं आहे, एवढं कळलं तरी माणसाला आधार वाटतो. तो आधारच मुद्दाम काढून घेतला होता.

हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्यालाही हा विचार पटला होता. १८३८ साली तुरुंगांच्या शिस्तीबद्दल जो सरकारी अहवाल आला, त्यात कैद्यांना उपयोगाचे धंदे शिकवण्यापेक्षा कंटाळवाणे, एकसुरी श्रम करायला लावावेत अशी शिफारस होती. मराठी वाचकाला या विचाराचा सर्वांत जवळचा अवतार ठाऊक आहे: अंदमानचा कोलू. १९११ मध्ये सेल्युलर जेलमध्ये पोचलेल्या विनायक दामोदर सावरकरांना तेलाच्या घाण्याला जुंपलं होतं. बैलाच्या जागी माणूस, गोल गोल फिरणं आणि संध्याकाळी तेलाचं वजन. त्यांच्या ‘माझी जन्मठेप’ या पुस्तकामुळे ते चित्र महाराष्ट्राच्या मनात कायमचं राहिलं. क्युबिटचं चाक आणि तो कोलू दिसायला वेगळे असले, तरी दोहोंमागचं डोकं एकच होतं.

इंग्लंडमधल्या चाकावर चढलेला सर्वांत प्रसिद्ध कैदी म्हणजे ऑस्कर वाइल्ड. २५ मे १८९५ रोजी त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली आणि सुरुवातीच्या काळात पेंटनव्हिलमध्ये त्यानं हे चाक तुडवलं. मऊ गालिच्यांवर वावरलेला तो नाटककार तुरुंगातून बाहेर आला तेव्हा शरीरानं खचला होता. १८९८ साली रेडिंगच्या तुरुंगावरचं त्याचं दीर्घकाव्य प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षीच्या तुरुंग कायद्यानं या चाकांचा शेवट सुरू केला. विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं सरता सरता ती मोडीत निघाली. ब्यूमॅरिसचं चाक जागेवर राहिलं म्हणून आज बघता तरी येतं.

मोडीत निघण्याच्या कितीतरी आधी चाकाला दुसरी वाट सापडत होती आणि ती दाखवणारा माणूस तुरुंगातच आपणहून गेला होता. लंडनचे डॉक्टर एडवर्ड स्मिथ यांनी १८५० च्या दशकात कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात चाकावर चढताना श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते मोजलं. तोंडाला मुखवटा, त्याला जोडलेली उपकरणं आणि चाकावर ते स्वतः. स्नायूंच्या कामासाठी शरीर मुख्यतः प्रथिनं जाळतं, असं तेव्हाचे मोठे रसायनतज्ज्ञ मानत. स्मिथ यांच्या मोजमापात वेगळंच दिसलं. श्रमाबरोबर श्वासातला कार्बन डायऑक्साइड झपाट्यानं वाढतो, पण प्रथिनांच्या ज्वलनाची खूण असलेला लघवीतला युरिया त्या मानानं वाढत नाही. शिक्षेच्या यंत्रावर शरीराचं एक गुपित उलगडलं.

मग बर्लिनमध्ये नाथान त्सुंट्झ यांनी १८८९ साली खास प्रयोगांसाठी चालता पट्टा तयार केला. पहिल्यांदा त्याच्यावर चालला तो घोडा. जिना गेला आणि सपाट पट्टा आला तो या टप्प्यावर, हे ध्यानात ठेवायला हवं. आजची ट्रेडमिल नाव सांगते क्युबिटच्या चाकाचं, पण अंगानं ती त्सुंट्झच्या पट्ट्याची लेक आहे.

त्याच सुमाराला नाटकवाल्यांचीही या पट्ट्यावर नजर गेली. २९ नोव्हेंबर १८९९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये ‘बेन-हर’ नाटक उघडलं. त्यातली रथांची शर्यत खरे घोडे जुंपून रंगमंचावर दाखवली होती. घोडे जिवाच्या आकांतानं दौडत, पायाखालचे पट्टे मागे सरकत, पाठीमागचा रंगवलेला देखावा उलट्या दिशेनं धावे आणि रथ प्रेक्षकांसमोरून हलत नसत. हे यंत्र उभारणाऱ्या क्लॉड हेगन यांनी पुढे माणसांसाठी ‘ट्रेनिंग मशीन’ची रचना केली आणि तिचं पेटंट त्यांना १९१३ मध्ये अमेरिकेत मिळालं. धावण्याच्या सरावासाठी पट्टा वापरण्याची कल्पना तुरुंगातून आली नाही, नाटकाच्या विंगेतून आली. मराठी माणसाला तिचं हे कूळ नक्कीच आवडेल.

हार्वर्डमध्ये १९२७ ते १९४७ अशी वीस वर्षं थकव्याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा चालली. बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकणारे क्लॅरेन्स डीमार तिथल्या पट्ट्यावर धावले. त्यांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल इतरांपेक्षा कमी साठतं हे तिथे मोजून पाहिलं गेलं. दमणं म्हणजे काय, हा साधा वाटणारा प्रश्न या लोकांनी पट्ट्यावर उभा करून तपासला.

ट्रेडमिलशी आपली, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या मध्यमवर्गीय घराची, पहिली भेट दुकानात होत नाही. ती होते कार्डिओलॉजिस्टच्या तपासणीच्या खोलीत. तिथल्या ट्रेडमिल टेस्टला टीएमटी म्हणतात. ठाणेकरांना टीएमटी म्हटलं की पालिकेची बस आठवते. बाकी सगळ्यांना आठवतं ते छातीवर चिकटवलेल्या गोल चकत्या, त्यांच्या वायरी, गार लागणारा जेल आणि ‘आता चढ वाढणार हं काका’ म्हणणारी तंत्रज्ञ मुलगी. ही चाचणी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रॉबर्ट ब्रूस यांची देणगी. त्याआधी रुग्णाला दोन पायऱ्यांच्या लाकडी घडवंचीवरून चढ-उतार करायला लावत आणि नंतर आडवं झोपवून हृदयाचा आलेख घेत. हृदयावर ताण असतो तेव्हा नोंद नाही आणि ताण उतरल्यावर नोंद, हे ब्रूस यांना खटकत होतं. विद्यापीठातले कल्पक तंत्रज्ञ वेन क्विंटन यांनी १९५२ च्या सुमारास रुग्णालयात ठेवता येईल अशी हलकी ट्रेडमिल त्यांच्यासाठी बनवली. रुग्ण चालत असतानाच आलेख उमटू लागला. हेच क्विंटन पुढे डायलिसिसच्या नळीच्या शोधातही भागीदार झाले. असे लोक पडद्याआड राहतात, म्हणून त्यांचं नाव मुद्दाम सांगायला हवं.

१९६३ मध्ये ब्रूस यांनी चाचणीच्या पायऱ्या पक्क्या केल्या. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग ५.५ च्या आसपास आणि १४ टक्के. चौथ्या पायरीला जवळजवळ ताशी ६.८ किलोमीटर आणि १६ टक्के. जगभरातल्या इस्पितळांत आजही हीच शिडी वापरतात. यातली एक गोष्ट घरी मशीन घेणाऱ्यानं उचलण्यासारखी आहे. ब्रूस यांनी ताण वाढवताना वेगाबरोबर चढही वाढवला. वेग चौथ्या पायरीलाही भरभर चालण्याच्या घरातच राहतो. गुडघे कुरकुरणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला पळण्यापेक्षा चढावर चालणं पुष्कळदा मानवतं आणि हृदयाला व्यायामही पुरेसा होतो. तेव्हा ताशी १६ किलोमीटरचा आकडा बघून भुलण्यापेक्षा चढ बटणावर बदलतो का आणि किती, हे विचारावं. स्वस्त मशीनमध्ये चढ हातानं लावावा लागतो. त्यासाठी खाली उतरून, वाकून खुंटी बदलावी लागते आणि मग ती खुंटी वर्षभर एकाच भोकात राहते.

तपासणीच्या खोलीत आणखी एक सूचना मिळते: दांडी घट्ट धरू नका, बोटं नुसती टेकवा. दांडीवर भार टाकला की पायांवरचं वजन कमी होतं आणि आकडे खोटे येतात. क्युबिटच्या चाकावर दांडी सोडणं म्हणजे पडणं होतं. घरच्या मशीनवर दांडीला लोंबकळून साठ मिनिटं चालणारी माणसं पाहिली की वाटतं, वेग थोडा कमी करून हात मोकळे सोडावेत. चालण्याची खरी ढब परत येते.

१९६८ साली अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आलं. हृदयरोग टाळायचा तर नियमित धावा, चाला, पोहा, आणि किती ते मोजा, असं ते सांगत होतं. न्यू जर्सीतले यांत्रिकी अभियंता विल्यम स्टॉब यांनी ते वाचलं. आठवड्यातून चार-पाच वेळा आठ मिनिटांत एक मैल धावलं तर तब्येत राहते, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली. थंडी, पाऊस, अंधार यांमुळे माणसं बाहेर पडत नाहीत. तर मग रस्ताच घरात आणावा. तोवर ट्रेडमिल डॉक्टरांकडे होत्या, प्रयोगशाळांत होत्या, घरात परवडेल अशी नव्हती. स्टॉब यांनी पोलादी रोलर ओळीनं बसवून त्यांच्यावर नारिंगी पट्टा चढवला, वेळेसाठी एक चकती आणि वेगासाठी दुसरी. नमुना त्यांनी थेट कूपर यांना दाखवला. कूपर यांनी पाठिंबा दिला आणि ‘पेसमास्टर ६००’ बाजारात आली.

आठ मिनिटांत एक मैल म्हणजे ताशी १२ किलोमीटर. आपल्याकडच्या घरगुती मशीनची कमाल गती बारा-चौदा किलोमीटरच्या आसपास असते. स्टॉब यांच्या गरजेचा तो आकडा आजही घरगुती मशीनला पुरतो.

घराबाहेर पडता येत नाही म्हणून पट्टा, याचं टोकाचं उदाहरण पृथ्वीच्या वर आहे. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकात टेफ्लॉन लावलेला गुळगुळीत पत्रा हीच ट्रेडमिल होती. पायात मोजे घालायचे, अंगाला रबरी दोऱ्यांनी खाली ओढून धरायचं आणि पाय घसरवत चालायचं. १६ एप्रिल २००७ रोजी सुनीता विल्यम्स यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातल्या ट्रेडमिलवर दोऱ्यांनी बांधून घेऊन बॉस्टन मॅरेथॉनचं सगळं अंतर पुरं केलं, साधारण ४ तास २४ मिनिटांत. वजनच नसलेल्या जागी हाडं आणि स्नायू झिजतात, म्हणून तिथे हा पट्टा औषधासारखा रोज घ्यावा लागतो.

महाराष्ट्राला घरच्या व्यायामासाठी यंत्र कधी लागलं नव्हतं. जोर-बैठका होत्या आणि औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी घरोघरी पोचवलेले सूर्यनमस्कार होते. एक सतरंजी पुरे. चालण्यासाठी रस्ते होते, टेकड्या होत्या. आता मुंबईत जुलैच्या पावसात पदपथ सापडत नाही. उन्हाळ्यात नागपूरला सकाळी आठलाच चटके बसतात. २०२० च्या टाळेबंदीत तर इमारतीखाली उतरायचीही चोरी झाली. तेव्हा अनेक घरांत ट्रेडमिल आली. तिची गरज खरी आहे, म्हणून ती नीट निवडली पाहिजे.

पहिली तपासणी मोटरची. जाहिरातीत अश्वशक्तीचा मोठा आकडा असतो तो ‘पीक’, म्हणजे क्षणभर लागणारी कमाल ताकद. विचारायची ती सतत मिळणारी ताकद. चालण्यासाठी सलग दीड-दोन अश्वशक्तीची मोटर चालते, नियमित धावणाऱ्याला अडीच-तीनची लागते. दुकानात ही परीक्षा कागदाविनाही करता येते. आपलेच बूट घालून जावं, वेग अगदी कमी, ताशी तीन-चार किलोमीटर ठेवावा आणि पाऊल जोरानं टाकून बघावं. पाऊल पडताच पट्टा अडखळला, तर मोटर कच्ची किंवा पट्टा ढिला. कमी वेगालाच मोटरची कसोटी लागते, आणि विकणारा बहुधा वेग वाढवूनच दाखवतो. घरातलं वायरिंगही पाहायला हवं. पंख्याच्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर ही मशीन चालवू नये. पॉवर प्लग आणि चांगलं अर्थिंग हवं. वीज खाली-वर होणाऱ्या गावात आतला कंट्रोल बोर्ड जळण्याचा खर्च मोठा असतो.

पट्ट्याची लांबी-रुंदी आपल्या पावलावर ठरते. चालणाऱ्याला साधारण १२० सेंटिमीटर लांब आणि ४० ते ४५ रुंद पट्टा पुरतो. उंच माणसानं धावायचं म्हटलं तर १४० लांब आणि ५० रुंद बरा. पट्ट्याखालची फळी किती दबते तेही पायांनी जोखावं. धावताना पाऊल पडतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार त्यावर येतो. फळीखालची रबरं तो भार घेतात, नाहीतर आपले गुडघे आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी घेतात. घरातल्या सर्वांत वजनदार माणसाच्या वजनापेक्षा मशीनची क्षमता वीस-पंचवीस किलो जास्त असावी. आणि छत! मशीनची फळी जमिनीपासून बरीच वर असते. चढ लावल्यावर उंच मुलाचं डोकं पंख्यापर्यंत जाणार नाही ना, हे मोजूनच ऑर्डर द्यावी.

आंतरराष्ट्रीय मानकात या मशीनना अक्षरं दिलेली असतात. ‘एच’ म्हणजे घरगुती, ‘एस’ म्हणजे व्यायामशाळेसाठी. पुढचं ए, बी, सी हे आकड्यांच्या अचूकपणाचं. बहुतेक घरगुती मशीन ‘एचसी’ गटात येतात, तेव्हा पडद्यावरच्या कॅलरींवर जेवणाचा हिशेब मांडू नये. घरात चालणं हे रस्त्यावरच्या चालण्याइतकं असतं का, हा प्रश्नही नेहमी निघतो. फरक मुख्यतः वाऱ्याचा: पट्ट्यावर वारा कापावा लागत नाही. १९९६ मध्ये जोन्स आणि डाउस्ट यांनी दाखवलं की पट्ट्याला एक टक्का चढ दिला की धावण्याचा खर्च बाहेरच्या धावण्याशी जुळतो. चालण्याच्या वेगाला तर तेवढाही फरक पडत नाही.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू सगळ्यात स्वस्त असते. लाल दोरी, तिच्या एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला चावी. चिमटा सदऱ्याला लावायचा. पाय घसरला, माणूस मागे गेला की चावी निघते आणि पट्टा थांबतो. क्युबिटच्या चाकात जे नव्हतं ते हेच. तिथे माणूस थांबला तरी चाक थांबत नसे. इथे माणूस पडायच्या आधी चाक थांबतं. ही दोरी न लावता चालणारे पुष्कळ आहेत आणि ते बघून जीव खाली-वर होतो. घरात लहान मूल असेल तर वापर झाल्यावर चावी काढून उंचावर ठेवावी. २०२१ साली अमेरिकेत एका नामांकित कंपनीला एका मुलाच्या मृत्यूनंतर लाखाहून अधिक ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या. मशीनच्या मागे भिंत नको, दोन मीटर मोकळी जागा हवी. मागच्या रोलरपाशी पट्टा आत ओढला जातो, तिथे चिमुकली बोटं जाऊ शकतात.

मशीन आल्यावर तिची निगा सोपी आहे. दर दोन-तीन महिन्यांनी, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे, पट्ट्याची कड उचलून फळीवर सिलिकॉन तेल सोडायचं आणि मग चार-पाच मिनिटं हळू वेगानं चालायचं, म्हणजे ते सारखं पसरतं. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल चालत नाही. पट्टा एका बाजूला सरकू लागला तर मागच्या बाजूचा स्क्रू पाव फेरा फिरवून थांबायचं आणि बघायचं. एकदम दोन फेरे दिले की पट्टा दुसऱ्या बाजूला पळतो. कोरडा पट्टा फळीवर घासतो, मोटर तापते, आणि दोष येतो तो मशीनवर.

मशीन कुठे ठेवायची, यावर तिचं भवितव्य ठरतं. अडगळीच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली मशीन लवकर बंद पडते. हार्डी यांनी पाहिलेला एकसुरीपणा तिथे पहिल्याच आठवड्यात गाठतो. खिडकीसमोर ठेवली, समोर रस्ता किंवा झाड असलं, रेडिओ लावता आला, कोणी गप्पा मारायला बसलं तर तीच मशीन वर्षानुवर्षं चालते.

स्टॉब यांच्या कंपनीच्या ट्रेडमिल १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वर्षाला दोन हजारांच्या आसपास खपत होत्या. पुढे त्यांनी कंपनी मुलांच्या हाती सोपवली. १९९० च्या दशकात खप पस्तीस हजारांवर गेला. स्टॉब स्वतः मशीनवर चालत राहिले. १९ जुलै २०१२ रोजी न्यू जर्सीत ते वारले तेव्हा त्यांचं वय ९६ होतं, आणि त्याच्या दोन महिने आधीपर्यंत ते ट्रेडमिलवर चालत होते.